अंगठ्याचं कार्ड

स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. मुलुंडच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होतो तेव्हाची गोष्ट. शाळा दुसरीपर्यंतच, म्हणून बँकेतल्या माझ्या कार्डावर सहीच्या जागी डावा अंगठा होता. बायकोला ते आवडायचं नाही. तिने महिनाभर समोर बसवून माझ्याकडून सही गिरवून घेतली. त्यातच तो अंगठा प्रेसमध्ये सापडला. डॉक्टरचे पैसे द्यायचे म्हणून पट्टी बांधून बँकेत गेलो आणि स्लिपवर ठसक्यात सही केली. कारकुनाने कार्ड काढून बघितलं. "मिस्त्री, इथे अंगठा आहे. सही चालत नाही." "मग कार्ड बदला." "बदलतो ना. त्या अर्जावर आधी अंगठा करा." "अहो, अंगठा फुटलाय, दिसत नाही?" "मग बरा झाला की या." रांगेतला एक हसला, "अंगठाछाप होता, आता अंगठाही गेला रे!" माझं टाळकं सरकलं. तिथेच पट्टी सोडली, ताज्या टाक्यांचा अंगठा पॅडवर दाबला आणि अर्जावर उमटवला. शाईत रक्त मिसळलं. कारकून पांढराफटक पडला. "अहो, हे काय करताय?" "तुझा अर्ज भरतोय. आता माझ्या सहीचं कार्ड कर." त्याने केलं. मी सही केली, बायकोने गिरवून घेतली होती तशीच. परवा बँकेतली पोरगी काळं मशीन पुढे सरकवून गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, यावर अंगठा ठेवा." मी डावा हात खिशातून काढलाच नाही. म्हटलं, "पेन आण गं."