झडतीवाले काका

खाणीच्या फाटकावर झडती घेण्यात काकांचं आयुष्य गेलं. वर येणाऱ्याचे खिसे, डबा, बूटसुद्धा ते उलटून बघत. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी कधी सोडलं नाही. पुढे खाण बंद पडली आणि शास्त्रज्ञांनी खाली भलंमोठं यंत्र बसवलं. ही मंडळी रिकाम्या हाताने जात, रिकाम्याच हाताने वर येत. नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय!

शेवटी काकांनी त्या शास्त्रज्ञांच्या मोठ्या बाईंना अडवलंच. "खरं सांगा, इथून काय नेताय?"

"काही नाही हो काका. न्यूट्रिनो नावाचे कण टिपायचेत. ते डोंगरातून, माणसातून आरपार जातात. आत्ता तुमच्यातूनही चाललेत."

"माझ्यातून? झडती न देता?"

बाई हसत लिफ्टमध्ये शिरल्या. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच स्वतःचेच खिसे चाचपले.