आत्याला सांगितलेला सिनेमा

काचबिंदूने आत्याची नजर हळूहळू नेली. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग माणसांचे चेहरे गेले आणि शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं. आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई, तिने त्याचं रडगाणं गायलं नाही. एकदाच म्हणाली, "पिक्चर बघता येत नाही गं आता, तेवढंच चुकचुकल्यासारखं वाटतं."

मी सहज बोलून गेले, "मी सांगते ना तुला. तू ऐक."

मी राहते मानपाड्याला, आत्या कोपरला. रविवारी जेवणं उरकून मी रिक्षाने तिच्याकडे जायचे, तिच्या टीव्हीला माझा मोबाइल जोडायचे आणि शेजारी बसून जे दिसेल ते सांगत राहायचे. सुरुवातीला नवे सिनेमे लावले. ते सोपे गेले. त्यातली माणसं सतत बोलत असायची, त्यामुळे "आता गाडी उलटली" किंवा "आता तो वळून बघतोय" एवढं सांगितलं तरी पुरायचं. आत्या खळखळून हसायची. पण पुढच्या रविवारी विचारलं तर तिला त्यातलं काही आठवायचं नाही. खरं सांगायचं तर मलाही.

मग एकदा तिनेच फर्माईश केली. नवीन लग्न झालं तेव्हा कल्याणच्या थिएटरात काकांबरोबर बघितलेला एक जुना मराठी सिनेमा. इंटरनेटवर कुणीतरी टाकलेली त्याची खरखरीत, कृष्णधवल प्रत मला सापडली. गोष्ट साधी होती. दोन भाऊ वेगळे होतात, अंगणात भिंत उभी राहते, आणि घरातल्या दोन जावा भिंतीच्या दोन बाजूंना होतात.

ज्या दिवशी भिंत बांधायला घेतात, त्या दिवशीचा एक प्रसंग आहे. थोरली जाऊ स्वयंपाकघरात आहे. बाहेरून गवंड्याच्या थापीचा आवाज येतोय. थोरली रोजच्यासारखी ताटं मांडते, सगळ्या घराची. मग थबकते. मग त्यातली निम्मी ताटं उचलायला लागते. प्रसंगभर कुणी एक शब्द बोलत नाही.

मी आपलं सांगून टाकलं, "तिने ताटं उचलली."

"कशी उचलली?"

"म्हणजे?"

"एकेक, की सगळी एकदम?"

मी बघितलंच नव्हतं. मागे घेतलं. "एकेक. एकावर एक ठेवतेय."

"मग आवाज का येत नाही ताटांचा?"

पुन्हा मागे घेतलं. आत्याचं खरं होतं. थापीचा आवाज स्वच्छ येत होता, ताटांचा अजिबात नाही. मी पडद्याजवळ जाऊन पाहिलं. दोन ताटांच्या मध्ये ती बाई आपली बोटं ठेवत होती, आणि ताट टेकलं की अलगद काढून घेत होती. बाहेरच्यांना कळू नये म्हणून. मी सांगितलं तशी आत्याने मान डोलावली. म्हणाली, "आणि मग ती रडते."

"नाही गं. ताटं फडताळात ठेवते आणि चुलीकडे वळते."

"रडते. मला चांगलं आठवतंय. पदर तोंडाशी धरून रडते."

मी तिसऱ्यांदा लावलं. बाई रडत नव्हती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आत्या म्हणाली, "मग मीच रडले असेन."

आत्याचं सासर कोकणातलं. पुढे काका आणि त्यांचा धाकटा भाऊ वेगळे झाले, तेव्हा तिथल्या घरातही अशीच भिंत आली. तेव्हापासून दोन्ही घरं लग्नात आणि मयतीलाच काय ती एकमेकांना भेटत. भाऊ दोघेही गेले. धाकटी जाऊ, जिला आम्ही काकू म्हणतो, आता मुलाकडे बाळकुमला, एका उंच टॉवरमध्ये राहते. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं.

पुढच्या रविवारी आत्याने तोच सिनेमा मागितला. या खेपेला माझी लेकही आलेली. ती कॉलेजात शिकते, असले जुने सिनेमे तिला कंटाळवाणे वाटतात. पण ताटांच्या प्रसंगाला ती एकदम म्हणाली, "आई, थांब, थांब. दारात कोण आहे?"

"कुठल्या दारात?"

"अगं, मागच्या. ते बघ, साडीचा काठ दिसतोय. धाकटी आलेय. हातात काहीतरी भांडं आहे तिच्या."

खरंच होती. रोजच्यासारखी जेवणाच्या वेळी काहीतरी घेऊन आलेली, ताटं उचलली जाताना बघून दाराशीच थांबलेली, आणि थोरलीने वळायच्या आत मागे फिरलेली. मी इतक्या वेळा तो प्रसंग पाहिला, पण नजर थोरलीवरून हललीच नव्हती.

आत्याने विचारलं, "ती आलेली?"

"हो, आजी."

"मला वाटत होतं, ती आलीच नाही."

त्याच आठवड्यात आत्याने माझ्याकडून बाळकुमचा नंबर लावून घेतला. फोनवर जुनं काही निघालं नाही. ती एवढंच म्हणाली, "अगं, मी बोलतेय, कोपरहून. रविवारी ये. पिक्चर बघू."

काकू आल्या. मुलाने गाडीने आणून सोडलं. पहिला अर्धा तास दोघी अवघडून बसलेल्या. "किती हळू चाललाय हो हा, जाऊबाई," असं म्हणता म्हणता काकूंना डुलकी लागली.

"झोपली वाटतं," आत्या म्हणाली. "झोपू दे. ताटं मांडायला घेतली की उठव."

मी उठवलं. आणि मी तोंड उघडायच्या आत काकूच सांगायला लागल्या. "ही बघा, सगळ्यांची ताटं मांडून बसलीय. आता उचलतेय." मग त्या थांबल्या.

"दारात कोण आहे?" आत्याने विचारलं.

"धाकटी."

"काय करतेय?"

"उभीय. कुणी हाक मारली असती, तर आत आली असती."

"मारायला हवी होती," आत्या म्हणाली.

सिनेमा संपल्यावर मी चहा केला, तेव्हा दोघींचं गावाकडच्या फणसांवरून बोलणं चाललेलं. गावची भिंत काही पडलेली नाही, आणि आता ती पाडायला तिथे राहतंय कोण? पण काकू अधूनमधून कोपरला येतात.

त्या दिग्दर्शकाबद्दल मला फारशी माहिती नाही. पण त्याचं मला फार कौतुक वाटतं. त्याने थोरलीला रडू दिलं नाही, म्हणून थिएटरात बसलेल्या एका नव्या नवरीला रडता आलं. धाकटीला त्याने दारात उभं केलं आणि कुणाला बोट करून दाखवलं नाही. बघणाऱ्याला कधी ना कधी दिसेल, यावर त्याचा विश्वास असणार. जे सिनेमे पन्नास वर्षांनीही उभे राहतात, ते मला वाटतं अशा विश्वासावर उभे राहतात. ते आपल्याला सगळं सांगून संपत नाहीत. आपलं वय वाढतं, नजर जाते, शेजारी वेगळं माणूस येऊन बसतं, आणि त्यांच्यात आपल्यासाठी आणखी काहीतरी निघतं.

गेल्या रविवारी सांगायचं काम मी लेकीवर सोपवलं आणि आत्याच्या शेजारी डोळे मिटून बसले. ताटांचा प्रसंग आला. थापीच्या आवाजामागे, लांब कुठेतरी, एक लहान मूल हसत होतं. हे मी पहिल्यांदाच ऐकलं.