जुन्या धुळ्याचा एक दिवस, रोट वगळून

आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि शाळेचं वेळापत्रकही मीच करत आलो, त्यामुळे माणसांना तासांत कोंबायची खोड माझ्या हाडीमाशी भिनली आहे. पुण्यात आमच्या बागेतल्या कट्ट्यावर संध्याकाळी जमणाऱ्या निवृत्त मंडळींची दर हिवाळ्यात एक सहल निघते. कुठे जायचं यावर सगळे भांडतात आणि कसं जायचं हे मी ठरवतो. यंदा मांडू ठरलं. वाटेत धुळं लागतं, तर जुन्या धुळ्याला एक पूर्ण दिवस देऊ, असं मी सुचवलं. सगळे हसले. "धुळ्यात काय बघायचंय? हायवेवर शेवभाजी खाऊ आणि पुढे सटकू," असं आमच्या खजिनदारांनी जाहीर केलं. मलाही फारशी खात्री नव्हती, पण कुणी हसलं की मी हट्टाला पेटतो. म्हटलं, आधी एकटा जाऊन बघून येतो. दिवसाचा ऐवज असेल तर दिवस, नाहीतर तुमची शेवभाजी.

साक्रीकडच्या एका जुन्या सहकाऱ्याने जेवणासाठी एक नंबर दिला. अक्का म्हणतात त्यांना सगळे. चौथ्या गल्लीत राहतात, कॉलेजच्या मुलांची खाणावळ चालवायच्या. मुलांना वसतिगृहातच जेवण मिळायला लागलं आणि खाणावळ बसली. घरात त्या आणि विधवा सून, कमावणारं तिसरं कुणी नाही. "तुमच्यासारख्यांची सहल एकदा जेवून गेली की चार ठिकाणी नाव होतं. बाईंचा संसार उभा राहील रे, बघ," सहकारी म्हणाला. मी अक्कांना फोन केला, चव बघायला रविवारी येतो म्हटलं. "या रविवारी?" त्यांनी विचारलं. मग त्या म्हणाल्या, "या ना भाऊ, या."

श्रावण होता. नाशिकला बहिणीकडे मुक्काम करून सकाळची एस.टी. धरली. मालेगाव मागे पडलं, कपाशीची हिरवी रानं सुरू झाली आणि धुळ्याच्या अलीकडे लळिंगचा किल्ला दिसला. दुरून डोंगर साजरे म्हणतात, हा जवळूनही साजरा होता. हमरस्त्याला लागूनच असल्याने खिडकीतून मान उंच करून पाहावा लागतो. माझ्या आखणीत त्याला मी सकाळचा पहिला तास दिला. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "धुळ्यात कोणाकडे?" कोणाकडे नाही, शहर बघायला, म्हटल्यावर तो मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "आज?"

त्या 'आज'चा अर्थ पाचकंदील चौकात कळला. रविवारी जुना बाजार गजबजलेला असेल हा माझा हिशेब होता. निम्मी दुकानं बंद, उरलेल्यांपैकी फुलांची, नारळांची आणि साड्यांची तेवढी उघडी, आणि बायकांची अशी झुंबड की रिक्षा मुंगीच्या पावलाने चाललेली. "कानबाई शे ना आज," रिक्षावाला म्हणाला. शे म्हणजे आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते. चौरंगावर नारळ, त्याला डोळे, नथ, कुंकू, वर केळीच्या खांबांचं मखर, आणि घरापासून दूर गेलेले सगळे भाऊबंद त्या दिवशी मूळ घरी गोळा होतात. इतकी वर्षं भूगोल शिकवला आणि खानदेशात जायला नेमका हा दिवस निवडला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

तरी आखणी ती आखणी. पेठेतल्या गल्ल्या मी एका टोकाकडून धरल्या. या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि त्या एकमेकींना समांतर आहेत. कुणा साहेबाने फूटपट्टी ठेवून आखल्या म्हणतात. वेळापत्रक करणाऱ्या माणसाला असं शहर बघून गहिवरून येतं, खरंच सांगतो. दुतर्फा जुनी दुमजली घरं, सागाचे खांब, खाली दुकान आणि वर राहणं. कोरलेल्या तुळईखाली मोबाइलच्या कव्हरांच्या माळा लटकत होत्या. मी वर बघत चाललो होतो, त्यामुळे खाली कुणाच्या तरी दारातल्या ओल्या रांगोळीत सरळ पाय घातला. "ओ बाबा! डोळे घरी ठेवून आले का?" आतून एक मुलगी ओरडली. मी माफी मागितली आणि पुढची गल्लीभर एका पायाचे गुलाबी ठसे उमटवत गेलो.

दुपारपर्यंत पोटात कावळे ओरडू लागले होते. अक्कांचं घर सापडलं. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, कपाळावर ठसठशीत गोंदण. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सुरतेहून, बोदवडहून, दीपनगरहून आलेले दीर, पुतणे, त्यांच्या बायका. ओटीवर कानबाई बसली होती. अक्का बाहेर आल्या आणि दारातच हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही नेमके कानबाईना दिनले उनात (दिवशी आलात)! आज तुमचं जेवण समोर, शेठजींकडे."

मला राग आला. आधीच उपाशी, त्यात दारातून परत. "अहो, मग फोनवर सांगायचं नाही का? मी पुढच्या रविवारी आलो असतो."

"येणाऱ्याला नको या म्हणतं का कोणी?" त्या म्हणाल्या.

समोरचे शेठजी कापडाचे व्यापारी. पणजोबा मारवाडातून आले, आता हे आपसांत बोलतानाही निम्मं खानदेशी बोलतात. त्यांनी मला पंख्याखाली बसवलं आणि खुलासा केला. आज अक्कांची चूल कानबाईची. गिरणीवाला चक्की धुऊन पुसून घेतो, मग तिच्यावर कानबाईचे गहू दळतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. गावाला गेलेल्याची, तान्ह्या पोराचीसुद्धा मूठ धरतात. त्या पिठाचे रोट (गोड जाड पोळ्या) फक्त भाऊबंदांनी खायचे. लेक लग्न होऊन गेली की तिलाही नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली.

"मग पाहुणे?"

"पाहुणे आमच्याकडे. आमच्याकडे कानबाई बसत नाही ना. आणि पर्युषणात आम्ही उपास करतो तेव्हा आमचे पाहुणे अक्कांकडे. वडिलांच्या वेळेपासून असंच शे."

मी ठरवून टाकलं की शेठजींकडचं जेवण जेवायचं, आभार मानायचे आणि कट्ट्याला शेवभाजी कळवायची. ज्या बाईंच्या हातची चव बघायला आलो त्यांच्या हातचं काही मिळणारच नव्हतं. तेवढ्यात मागच्या अंगणातून धूर आला. डोकावून पाहिलं तर शेठजींच्या अंगणात चूल पेटलेली, तिच्यावर पालथं खापर (मातीचं मोठं भांडं), आणि समोर अक्का! पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरवत त्यांनी मांडा एवढा मोठा केला की पलीकडची भिंत त्यातून अंधुक दिसावी, आणि तो अलगद खापरावर टाकला. पीठ शेठजींचं, पुरण शेठजींच्या डाळीचं. हात तेवढे अक्कांचे. कानबाईचा नैवेद्य व्हायचा होता, तोवर त्यांचा उपास. घरात इतकी माणसं सोडून, उपाशीपोटी, धुरात बसून ती बाई माझ्यासाठी मांडे करत होती.

"बरा झाला का भाऊ?" त्यांनी विचारलं. तुपादुधात बुडवलेला मांडा जिभेवर विरघळत होता. मला माझ्या रागाची लाज वाटली. बरा? अहो, असं काही मी पुण्यात जन्मभर खाल्लेलं नाही, असं मी सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. "तुमच्या माणसांना आवडेल?" एवढंच विचारलं, आणि त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागून राहिले. बघून सांगतो, मी म्हणालो. सवयच आहे तशी, लगेच होकार द्यायची नाही.

संध्याकाळी एकवीरा देवीचं देऊळ आणि पांझरा नदीचा काठ पाहिला, तिथल्या कठड्यावर चहा घेतला. मुक्काम स्टेशनजवळच्या लॉजवर केला.

सोमवारी सकाळी निरोपाला निघालो तर गल्लीच हलली होती. एकेका घरातून कानबाई बाहेर पडत होती, बाईच्या डोक्यावर चौरंग, पुढे डफ, मागे भाऊबंद. नव्या साडीत, डोक्यावर चौरंग घेतलेल्या अक्का ओळखूच आल्या नाहीत. कालची चुलीपुढे वाकलेली बाई ती हीच का, असं वाटावं असा ताठा होता. पांझरेवर गर्दीचा समुद्र. कानबाईला पाण्यात बुडवून, न्हाऊ घालून नारळ परत घरी आणतात. मी फोटोसाठी मोबाइल वर केला, शेजारच्या म्हाताऱ्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं, मी तो खिशात घातला.

परत आल्यावर अक्कांच्या ओटीवर पंगत बसली. रोट कुस्करून दुधात कालवले होते. मी दारात खुर्चीवर, हातात चहा. सगळं बघितलं होतं, सगळं खाल्लं होतं, ही एकच गोष्ट राहिली होती. आणि प्रवासी माणसाची जीभ मोठी वाईट. मी म्हणालो, "अक्का, एक तुकडा द्या ना. लिहायचंय मला, चव कळायला हवी."

पंगतीतल्या माना माझ्याकडे वळल्या. अक्कांचा हात थांबला.

"नाही भाऊ. बठ्ठं (सगळं) मांगा, रोट नका मांगू."

सून लगबगीने त्यांच्या कानाशी वाकली, पण ओटी लहान, मला ऐकू आलंच. "आई, देऊन टाका ना एक तुकडा. सहल हातची जाईल. कोण पाहतंय?"

"मी पाहून राहिली ना," अक्का म्हणाल्या आणि पुढच्या ताटात दूध वाढू लागल्या.

मी कसंबसं हसून विषय बदलला. निघताना अक्का दारापर्यंत आल्या. सहलीचं काही विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनी ते काम गेलं असं धरून टाकलंय. "राग नका धरू," एवढंच म्हणाल्या. सून आतल्या खांबाला टेकून उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला काय गरज होती तुकडा मागायची!

एस.टी.त बसलो आणि दिवसाची आखणी नव्याने केली. सकाळी लळिंग, मग नंबरांच्या गल्ल्या, दुपार अक्कांकडे, संध्याकाळी देऊळ आणि नदी. भरगच्च पूर्ण दिवस. पाहण्यासारखं काय आहे, असं खजिनदार विचारणारच. मी पुष्कळ गावं पाहिली. सगळीकडे मला हवं ते मिळालं, बहुतेक ठिकाणी नको तेही गळ्यात मारलं. देवळाचा गाभारा, घराचं माजघर, लग्नाची पंगत, पाहुणा म्हटला की सगळं उघडं. पोटाचा प्रश्न समोर बसून चहा पीत असताना मला 'नाही' म्हणणारं माणूस मात्र मी याआधी पाहिलेलं नाही.

लळिंग खिडकीत आला तेव्हा मी फोन लावला. "अक्का, हिवाळ्यात येतोय. वीसेक माणसं. दुपारचं जेवण तुमच्याकडे. मांडे."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज, आणि सुनेला मारलेली हाक. मग मला म्हणाल्या, "या ना भाऊ, या. पन त्यांना सांगून ठेवा, रोट मिळत नाही."

"अहो, हिवाळ्यात कुठली कानबाई?"

"तरी सांगून ठेवा."

सांगितलं. कट्ट्यावर सगळ्यांना सगळं सांगितलं. गल्ल्या, खापर, मांडे, नदी. खजिनदार बराच वेळ ऐकत होते, शेवटी म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण तो रोट लागतो कसा?

मला माहीत नाही.