भाजी उरतच नव्हती

त्या दिवशी डॉक्टरीनबाईच्या खोलीत मी कौसाबाई होते, माझा लेक दत्ता होता, सून सुनीता होती, आन शेजारची रेहाना होती. रेहाना तिच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला आली होती, माझ्यासाठी थांबली.

डॉक्टरीनबाईनं रिपोर्ट पाह्यले. म्हनली, "आजी, तुम्हाला मेटाबॉलिक सिंड्रोम आहे." म्हंजे एकच आजार नाय. पोटाचा घेर वाढलेला, बीपी वाढलेलं, रक्तात साखर आन चरबी वाढलेली, सगळं एकदम. "अजून वेळ आहे. खाणं बदला, चाला. नाहीतर झटका येऊ शकतो."

बिडकीन गावात दिलेल्या माझ्या बहिनीला तसा झटका आला होता. अर्धं अंग गेलं. घास दुसऱ्यानं भरवायचा. मला मरनाचं भ्या नाय, तसं पडून ऱ्हायाचं भ्या हाय.

पुंडलिकनगरात आमच्या समाजमंदिरात बायांचा वर्ग भरायचा. हातपाय हलवायचे, मंग सगळ्यांनी मिळून चालायला जायचं. काय खायाचं ते सांगायला एक शिकलेली पोरगी यायची, डायटिशियन म्हनत्यात तिला. तिनं फळ्यावर ताट काढलं. अर्ध्यात भाजी, बाकीच्यात डाळ आन भाकर.

गुडघे दुखायचे तरी मी चालले. चहातली साखर सोडली. पन तपासलं तर रक्तातली साखर तशीच, कंबरेला टेप लावली तर घेर तसाच.

पोरगी सगळ्यांदेखत म्हनली, "आजी, घरी लपून खाता ना?"

बाया हसल्या. माझं डोकंच फिरलं.

रेहाना हसली नाय. म्हनली, "कौसा, काल काय जेवलीस, सांग हिला."

"भात. आन सकाळची पोळी."

"भाजी?"

"संपली होती."

"परवा?"

"परवा बी संपली होती."

"हमारे में भी यहीच है बेटा," रेहाना पोरीला म्हनली. "तू ताट तर लई छान काढलं. पन बाईचं ताट शेवटी वाढत्यात, तवा पातेल्यात भाजी असती का, ते बी काढ की."

पोरगी पुढच्या वेळी घरच्या गडीमानसांना घेऊन या म्हनली. एक बी मानूस आला नाय.

पोरं जेवली, मानसं जेवली, मंग बाई. भाजी आधी सरती. उरतो भात, उरती पोळी. अन्न टाकायचं नाय म्हनून तेच खायाचं. जिंदगीभर मी पातेली पुसून खाल्ली. खानं बदला म्हनत्यात. माझं खानं माझ्या हातात होतं कव्हा?

त्या सांजेला मी पहिलं ताट मलाच वाढलं. अर्धं भाजीनं भरलं.

दत्ता पाहतच राह्यला. "आई, तू आधी? मी दमून आलोय."

"मी बी दमलीय बाबा. लग्न झाल्यापसनं."

दुसरं ताट सुनीताला वाढलं. "आत्याबाई, मी मागून जेवते."

"बस गप. मागून जेवून माझं काय झालं, पाह्यलं ना?"

दत्ता बरेच दिवस तोंड फुगवून होता. आता बाजारातून भाजी जास्त आनतो. माझी कदर म्हनून नाय, त्याला पुरत नाय म्हनून. असू दे.

गोळ्या चालूच हायेत, पन साखर उतरली, घेर बी उतरला. डॉक्टरीनबाई खूश हाय. रेहानाचे उपकार मी विसरनार नाय. राग मात्र उतरला नाय, आन मला उतरवायचा बी नाय.

वाचनाऱ्या लेकरा, एवढंच कर. तुझ्या घरात जी शेवटी जेवती, तिचं ताट आज आधी वाढ. भाजी घालून.