फुटव्यांना तुर्कीत काय म्हणतात

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. चिखलीजवळच्या आमच्या गावात एका थंड सकाळी ब्लॉक ऑफिसची जीप आली आणि तिच्यातून साहेबांबरोबर एक तुर्की पाहुणे उतरले... आमचा गहू बघायला.

बुटक्या जातीचा हा गहू नवीनच आलेला, आणि बाबांनी हौसेनं लावलेला. पाहुण्यांच्या देशातही तो लावायचं चाललं होतं म्हणे. मी बी.ए. झालेला, घरचाच पोरगा... दुभाषा म्हणून मलाच उभं केलं.

साहेबांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, पाहुण्यांना टिलरिंग नीट समजावून सांग. मी डिक्शनरी उघडली. टिलर म्हणजे नावेचं सुकाणू, टिलर म्हणजे नांगरणारा... आणि सगळ्यात शेवटी, रोपाच्या बुडातून निघणारा कोंब. म्हणजे आपले फुटवे, एका दाण्यातून पाच-सात काड्या निघतात ते. एवढ्यासाठी मी अर्धी रात्र कंदील जाळला होता.

पण खरा वैताग हा नव्हताच. खरा वैताग म्हणजे आमचे बाबा आणि काका.

दोघे सख्खे भाऊ. बांधावरची, आमच्या भाषेत धुऱ्यावरची, बाभूळ कोणी तोडली यावरून अबोला धरला, तो काही केल्या सुटेना. शेत वाटून झालं, पण विहीर एकच आणि तिच्यावरचं डिझेल इंजिनही एकच. पाळीपाळीनं पाणी घ्यायचं, आणि ज्याची पाळी त्याच्या घरी इंजिन फिरवून सुरू करायचं हँडल.

बोलायचं मात्र माझ्या तोंडून. समोर काका उभे असले तरी बाबा मला म्हणायचे, "तुह्या काकाले सांग, त्याचा बैल आपल्या धुऱ्यावर येऊन राह्यला." काकांनी ते ऐकलेलं असायचं, तरी मी सांगेपर्यंत ते आभाळाकडे बघत राहायचे. मग त्यांचं उत्तर मी दोन हातांवरच्या बाबांना पोचवायचो. वऱ्हाडीतून वऱ्हाडीत... असला दुभाषा जगात दुसरा झाला नसेल.

त्या सकाळी हँडल काकांकडे होतं आणि बाबांच्या गव्हात जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. नेमके फुटवे फुटायचे दिवस. आत्ता पाणी चुकलं की नुसती एकेक काडी उभी राहणार आणि वर्षाचा गहू हातचा जाणार.

काकांचा गहू उशिरा पेरलेला, त्याला घाई नव्हती. पण बाबा मागायला तयार नाहीत. मीच परस्पर काकांकडे गेलो तर म्हणाले, "तुह्या बापानं मांगतलं का?" मी हात हलवत परत आलो.

तर पाहुणे गव्हात उकिडवे बसले. त्यांना बघायला काकाही काखेत उपरणं धरून बांधावर येऊन उभे होते. एक रोप मुळासकट उपटून त्यांनी निरखून पाहिलं आणि विचारलं, याला पाणी कधी देणार? मी बाबांना विचारलं. बाबा माझ्याकडेच बघत म्हणाले, "हँडल ज्याच्यापाशी हाय, त्याले इचार." मी काकांकडे वळलो. काका म्हणाले, "ज्याले पाहिजे त्यानं मांगावं, असं सांग त्याले." मी पुन्हा बाबांकडे...

पाहुणे आळीपाळीनं तिघांची तोंडं बघत होते. मग त्यांनी मला हळूच इंग्रजीत विचारलं, हे दुसरे गृहस्थ कोणती भाषा बोलतात?

मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, तीच... मराठीच. हे दोघे सख्खे भाऊ आहेत.

पाहुणे मुळांची माती बोटांनी झाडत राहिले. मग म्हणाले, आमच्याकडे साध्या कोंबाला फिलिझ म्हणतात, पण टिलरिंगला शब्द वेगळा आहे, कार्देशलेनमे. कार्देश म्हणजे भाऊ. एका दाण्यातून निघून या काड्या भाऊ-भाऊ होतात, ते कार्देशलेनमे. हे तुमच्या लोकांना सांगा.

आता हेही दोघांना वेगवेगळं सांगायचं का? माझं डोकंच फिरलं. मी गव्हाकडे बघत एकदाच, मोठ्यानं सांगून टाकलं. आणि पुढे माझं स्वतःचं जोडलं, "आता बास झालं. माह्याच्यानं हे होनार नाही. तोंडं हायेत तुमाले, तुमीच बोला." साहेब बघतच राहिले. मी सरळ जाऊन जीपमध्ये बसलो.

साहेबांनी मला त्यांच्या ऑफिसात चिकटवायचं कबूल केलं होतं. ती नोकरी लागायच्या आधीच गेली, असं मी धरून चाललो. मग बाबांचा आवाज आला, "नामा, पानी देतं का बे?"

"घे ना, दादा. मी नाही काऊन म्हनीन? तू मांगतच नव्हता."

आणि काकांनी काखेतलं उपरणं सोडलं. आत हँडल होतं. सकाळी घरून निघतानाच ते सोबत घेऊन आले होते, आणि एवढा वेळ काखेत धरून मला इकडून तिकडे पळवत होते. मी कपाळावर हात मारला. हसावं की रडावं कळेना... जीपमध्ये बसल्या बसल्या डोळे मात्र भरून आले.

त्या पाहुण्यांचं नाव मला धड उच्चारता आलं नाही, आभार मानायचेही राहून गेले. पण फुटवे दिसले की तो शब्द अजून आठवतो.

हे आज लिहायचं कारण म्हणजे माझे दोन्ही चिरंजीव. एक पुण्यात, एक नागपुरात, आणि गेला महिनाभर दोघेही मलाच फोन करतात... "बाबा, दादाला सांगा." "बाबा, त्याला म्हणावं."

तुम्ही दोघेही ही पोस्ट वाचणार, मला माहीत आहे. माझी निरोपाची नोकरी तेव्हाच सुटली, बाळांनो. एकमेकांचे नंबर तुमच्याकडे आहेत.