इवायांचं हँडओव्हर

"साहेब, दोन नंबरच्या मशीनपाशी म्या वेगळी ठेवलेली रुई कुठं गेली?"

पहिल्या पाळीचे फोरमन नामदेवराव केबिनच्या दारात उभे होते. दोन वाजता पाळी बदलून पाऊण तास झाला होता आणि हे अजून घरी गेले नव्हते.

"प्रेसमध्ये गेली असेल. का?"

"त्याच्यात ठिणगी गेल्यावानी वाटत होतं."

मी ताडकन उठलो. मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये मी मॅनेजर होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची आणि उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून पट्ट्यांनी गाठी बांधायच्या. कापसात एखादा खडा किंवा खिळा आला की मशीनमध्ये ठिणगी उडते. ती रुईत शिरली आणि गाठ बांधली गेली, तर आग आतल्या आत धुमसत राहते. बाहेरून काही दिसत नाही. पेटते ती वाटेत, ट्रकमध्ये, बाकीच्या गाठी आणि ड्रायव्हरसकट.

"वामनरावांना सांगितलं नाही?"

"कसं सांगू साहेब? इवाई हायेत ते. तुमाले सांगावं म्हणून आलतो, तं तुमी जेवाले गेलते."

इवाई म्हणजे व्याही. दुसऱ्या पाळीचे फोरमन वामनराव यांच्या घरी नामदेवरावांची मुलगी दिली होती. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला काम सांगायचं? छे छे!

मुंबईच्या ऑफिसने आम्हाला एक रजिस्टर पाठवलं होतं. त्यात दोन रकाने, 'हँडेड ओव्हर' आणि 'टेकन ओव्हर'. शब्दाला धरून बघितलं तर एकाने हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची. आमचे इवाई ते इतकं मन लावून करत की बघत राहावं. नामदेवराव दोन्ही हातांनी, जरा वाकून किल्ल्या देत. वामनराव त्या कपाळाला लावून घेत. मग चहा, त्यावर "आधी तुमी", "नाई, आधी तुमी". ऑफिसला हवी होती ती वस्तू मात्र हातात धरता येणारी नव्हती. मशीनची कुरकुर, अर्धवट राहिलेलं काम, मनातला संशय. ते सगळं नामदेवराव डब्यासोबत घरी घेऊन जात.

आम्ही प्रेसकडे पळालो. वामनराव म्हणाले, "हाव, थे रुई म्याच उचलाले लावली. सहा-सात गाठी झाल्या. गेल्या ट्रकात."

"वेगळी का ठेवलीय, विचारावं तरी!"

"इचारलं असतं तं म्हनले असते, पोराचा बाप खोड काढून राह्यला."

ट्रक वजनकाट्यावर होता. ड्रायव्हरला खाली उतरवलं, दुसऱ्या पाळीत बांधलेल्या गाठी काढल्या. प्रत्येक गाठीत लोखंडी सळई खुपसायची, थोडं थांबायचं, काढून हात लावून बघायचा. तीन गाठींच्या सळया गार निघाल्या. चौथीला माझा हात पोळला.

"कापा पट्ट्या!" वामनराव ओरडले.

"कापू नका!" नामदेवरावांचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. "हवा लागली तं भडका होईन! आधी लांब न्या, पानी आना! तुमाले काई समजते का नाई?"

मुलीचा बाप मुलाच्या बापाला वीस-पंचवीस माणसांसमोर असं बोलला होता. बोलून झाल्यावर नामदेवरावच पांढरेफटक पडले.

वामनरावांनी त्यांच्याकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "इवाईबुवा, हेच दोन वाजता बोलले असते तं?"

गाठ रिकाम्या मैदानात नेली, पाण्याचा पाइप धरून उघडली. आत भाकरीएवढा भाग काळा पडला होता आणि त्याच्या कडा लाल होत्या. ड्रायव्हर तिथेच मटकन खाली बसला.

संध्याकाळी आमच्या मालकांचा, शेठजींचा फोन आला. "अहो, रजिस्टरमध्ये तर दोघांच्या सह्या आहेत!"

"आहेत ना," मी म्हणालो. "किल्ल्या अगदी व्यवस्थित दिल्या होत्या."

दोघांच्या पाळ्या वेगळ्या जोडीदारांबरोबर लावाव्यात, असं माझ्या मनात होतं. पण दुसऱ्या दिवशी दोघेही केबिनमध्ये आले आणि म्हणाले, "राहू द्या साहेब, आता बोलतो." मग मी रजिस्टरात तिसरा रकाना आखला, 'तोंडी काय सांगितलं'. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकलो, की आपल्याकडे किल्ली हाताने देता येते, काम तोंडानेच द्यावं लागतं.

त्या रकान्यातली पहिली नोंद नामदेवरावांच्या अक्षरात आहे. "तीन नंबरचा पट्टा ढिला. इवाईले सांगतलं. इवाई रागावले नाई."