संत्री माझ्याकडे

"नाही हो आई. तिच्याकडे मी फळंच ठेवली होती. सालीची."

विजूवहिनी हे हळू आवाजात बोलल्या. नागपूरच्या धरमपेठेतल्या त्यांच्या दिवाणखान्यात रविवारी दुपारी चार वाजता खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. भिंतीवर पांढरा पलंगपोस ताणलेला. त्यावर इंग्लंड दिसत होतं. पंखा खडखडत होता. वहिनींना वाटलं, पंख्याखाली बसलेल्या मला काही ऐकू येणार नाही.

आलं.

त्याआधी त्यांच्या सासूबाईंनी विचारलं होतं, "ती इंदोऱ्याची ना गं? मग तुम्ही तिकडे हिच्या हातचं...?" पुढचं त्यांनी तोंडातच ठेवलं. इंदोरा म्हणजे आमची बौद्ध वस्ती. वहिनींनी उत्तर दिलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस." कुणी हसलं नाही. तो विनोद नव्हता. दूध तापवलं का, मागचं दार लावलं का, तशी घरातली साधी चौकशी होती. वहिनींच्या यजमानांनी पुढची स्लाइड लावली.

यजमान म्हणजे आमचे सर. मी ज्या कॉलेजात भूगोलाची टेंपररी लेक्चरर होते तिथले विभागप्रमुख. मला कायम करायचं की नाही, याचा अहवाल त्यांच्या हातात होता. आम्ही तिघं एकाच काळात इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात होतो. सर संशोधनाला, वहिनी सोबतीला, मी सरकारी शिष्यवृत्तीवर शिकायला. सत्तरचं दशक संपता संपताची गोष्ट. तिथे रविवारी आम्ही दहा-बारा मराठी मंडळी भाड्याची बस करून फिरायला जायचो. त्या सहलींच्या स्लाइड बघायला सरांनी बोलावलं होतं. नाही म्हणण्याची सोय नव्हती आणि इच्छाही नव्हती. मला त्या सहली पुन्हा बघायच्या होत्या. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले रविवार, असं मी समजत होते.

पुढची स्लाइड विंडरमियर तळ्याची होती. माझी पहिली सहल. काठावर चौकड्यांचं ब्लँकेट अंथरलेलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, वहिनींच्या गुळपोळ्या. मधोमध स्टीलच्या ताटात सोललेल्या संत्र्यांच्या फोडी. मीच सोलल्या होत्या, एकेक शीर काढून, खायला सोपं जावं म्हणून. ताट गच्च भरलेलं. आणि भोवती बसलेल्या सगळ्यांच्या हातात एकेक अख्खं संत्रं. जो तो आपापलं सोलत होता.

मी भूगोलाची. नकाशे वाचायला शिकलेली. दीड वर्ष जे डोळ्यांसमोर होतं ते मला भिंतीवर मोठं करून दाखवावं लागलं.

राग आला नाही. रडूही नाही. जणू कुणी दुसऱ्याच बाईबद्दल बोलत होतं आणि मी पाहुणी म्हणून ऐकत होते. उरलेल्या स्लाइड मी शेवटपर्यंत पाहिल्या. किल्ला, मोठं चर्च, समुद्र. प्रत्येकीत कुठेतरी माझी संत्र्यांची कागदी पिशवी होती.

पद्धत अशी होती. बुधवारी होस्टेलच्या स्वयंपाकघराच्या दारावर वहिनी यादी लावायच्या. कुणी काय आणायचं ते. पुऱ्या अमकीकडे, भाजी तमकीकडे. शेवटी माझं नाव आणि पुढे संत्री. पहिल्यांदा त्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या होत्या, "नागपूरची ना तू? मग संत्री तुझ्याकडेच हवीत." सगळे हसले. मीही हसले. वहिनी, नागपूरच्या तर तुम्हीही आहात, हे मला सुचलं नाही. सुचायला नागपूरला परत यावं लागलं.

उलट मला आनंद व्हायचा. लिहिताना लाज वाटते, पण व्हायचा. शनिवारी बाजारात जाऊन स्पेनची संत्री निवडायची. पातळ कागदात गुंडाळलेली, जाड सालीची. आपल्या संत्र्याचं साल कसं हात लावताच सुटतं, यांचं सुटायचं नाही. म्हणून तर मी सोलून द्यायला गेले. पहिल्या सहलीला ताट तसंच परत आलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, पोटं भरलीत गं सगळ्यांची. दुसऱ्यांदा म्हणाल्या, तू कशाला त्रास घेतेस, ज्याचं तो सोलेल. मी सोलणं सोडलं. वाटलं, किती काळजी करतात आपली.

तीनदा मी म्हटलं, या वेळी डाळकांदा करून आणते. तीनदा त्या म्हणाल्या, तू अभ्यास कर बाई, शिष्यवृत्तीवर आलीयस. इतक्या मायेनं नाकारलं की नकार वाटलाच नाही.

मी कोण हे त्यांना केव्हा कळलं असेल? पहिल्याच भेटीत. आडनाव विचारलं, मोहल्ला विचारला, शिष्यवृत्ती कोणती ते विचारलं. तीन प्रश्नांत आपल्याकडे माणूस कळतो. मला वाटलं, आपल्या गावचं माणूस भेटलं म्हणून चौकशी चाललीय.

गोऱ्यांचं मला कळायचं. बसमधून उतरलो की एखादा पोरगा काहीतरी घाण ओरडायचा. ते आम्हा सगळ्यांना असायचं. सर, वहिनी, मी, सगळे मान खाली घालून चालायचो. त्यावरून मी समजत होते की आम्ही सगळे सारखेच. तिथेच माझी चूक झाली.

त्या रविवारी धरमपेठेतून निघाले. सदरपर्यंत सिटी बस, तिथून इंदोऱ्याला पायी. माय अंगणात चुलीपुढे बसली होती. शेजारच्या घरी दुसऱ्या दिवशी पोराचं नाव ठेवायचं होतं, म्हणून लांब रोट्या करत होती. ज्यांनी ही रोटी पाहिली नाही त्यांना सांगते. गव्हाचं पीठ अगदी सैल भिजवतात आणि आपटून आपटून तार आणतात. मग गोळा तळहातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळू द्यायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. हातभर झाली की चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. आमच्या वस्तीतल्या बायकांची ही कला. हाताशिवाय यात दुसरं काहीच नाही.

मायनं विचारलं, कसे होते फोटो. मी सगळं सांगितलं. वहिनींचं ते वाक्यही सांगितलं, वर्तमानपत्र वाचून दाखवावं तसं. तिचे हात थांबले नाहीत.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

माझी पत्रं धाकटी बहीण तिला वाचून दाखवायची. दर पत्रात मी सहलीचं लिहायचे, कुणी काय आणलं, मी काय नेलं.

"दर चिठ्ठीत तुही संत्रीच. पयल्याच चिठ्ठीत समजलं मले."

"मग काहून नाही सांगितलं वं माय?"

"तू खुशीत लिहून राहिली होती." तिनं रोटी मडक्यावर टाकली. "माह्या पोरीले कोठी तं खुशी भेटू दे म्हटलं."

तेव्हा दुखलं. वहिनींनी जे केलं त्यानं नाही. माझी अक्षरओळख नसलेली माय दीड वर्ष माझा अपमान ऐकत होती आणि मी तो तिला हौसेनं लिहून पाठवत होते. तेवढं दुखलं, आणि मग पुन्हा सगळं बधिर झालं. पुढचे पंधरा दिवस मी कॉलेजात शिकवलं, जेवले, झोपले. विचाराल तर त्यातलं काही आठवत नाही.

जानेवारीत शिपायानं स्टाफरूममध्ये चिठ्ठी आणून दिली. वहिनींचं अक्षर. तिकडून परत आलेल्या मंडळींची सहल, रविवारी, रामटेकजवळ खिंडसी तलावावर. खाली यादी. शेवटी माझं नाव. संत्री.

अहवाल त्याच महिन्यात जायचा होता. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, सरांच्या घरचं बोलावणं आहे, चुकवू नकोस, कायम व्हायचंय ना. मी म्हटलं, जाणार आहे.

रविवारी पहाटे उठून मी पीठ भिजवलं. माय लहानपणी मला चुलीपाशी बसू देत नसे, अभ्यास कर म्हणायची. तरी बघून बघून हात बसलेला होता. पहिल्या दोन फाटल्या. मग जमल्या. सोबत डाळकांदा केला. माय खाटेवर बसून बघत होती. डबा बांधताना एवढंच म्हणाली, "नेऊन राहिली तं ने. पण वापस आणू नको. कोणी नाही खाल्लं तं तू खाऊन ये."

खिंडसीला तेच चौकड्यांचं ब्लँकेट होतं. वहिनींनी इंग्लंडहून आणलेलं. डबे उघडले. मी माझा उघडला आणि मधोमध ठेवला. रोट्या रुमालासारख्या घडी घातलेल्या.

वहिनी म्हणाल्या, "अगं, संत्री कुठायत?"

"संत्री नाहीत. हे मी केलंय. कोपरापर्यंत हातावर घेऊन केलंय."

एकजण तलावाकडे बघायला लागला. सर कॅमेऱ्याच्या केसचं बटन लावत बसले. वहिनी हसल्या, तशाच जुन्या मायेनं. म्हणाल्या, "ठेव हं, आम्ही नंतर घेतो."

"वहिनी, त्या दिवशी पंखा सुरू होता," मी म्हटलं. "तरी मला ऐकू आलं."

त्यांचा चेहरा उतरला की नाही, मी पाहिलं नाही. मी रोटी उलगडली आणि खायला लागले. एक. दुसरी. तिसरी. बाकीच्यांनी हळूहळू आपले डबे ब्लँकेटच्या पलीकडच्या टोकाला नेले आणि तिकडे जेवले. मसालेभाताचा वास येत होता. दीड वर्ष मी तो मागून मागून खाल्ला होता. त्या दिवशी हात नेला नाही. पाच रोट्या होत्या, पाचही संपवल्या. पोटात जागा नव्हती तरी संपवल्या. तलावावर हात धुतले, रिकामा डबा बांधला आणि मंडळींच्या गाडीनं न येता रामटेकहून एसटीनं घरी आले.

त्या दिवसाची स्लाइड नाही. सरांनी कॅमेरा बाहेर काढलाच नाही.

अहवालात लिहिलं होतं, सहकाऱ्यांशी मिळूनमिसळून वागत नाहीत. जागा दुसऱ्याला गेली. मी वर तक्रार केली. उत्तर आलं की अहवाल योग्य आहे. मी पुन्हा लिहिलं. त्याला उत्तरच आलं नाही. जूनपासून उमरेडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. रोज एसटीनं जाते-येते. काम चांगलं आहे. कॉलेजातलं काम गेलं त्याचं वाईट अजून वाटतं, ते मी लपवत नाही.

मागच्या महिन्यात शाळेची सहल ठरली. क्लार्क वही घेऊन आला. कुणी काय आणायचं ते लिहीत होता. माझ्यापाशी आल्यावर थांबला, आडनाव बघितलं आणि मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे फळं लिहू?"

मी त्याच्या हातातून पेन घेतलं. माझ्या नावापुढे मीच लिहिलं. रोट्या, हातच्या.

यापुढे जिथे बोलावतील तिथे मी माझ्या हातचंच नेईन आणि मधोमध ठेवीन. ज्याला नको असेल त्यानं उठावं. मी उठणार नाही.